एक शहर, चार वर्तमानपत्रं आणि हिटलर : म्युनिक, १९२० ते १९३३

इसारकाठ

म्युनिकला राहायला येऊन मला अकरा वर्षं झाली. मारियनप्लाट्झपासून पाच मिनिटांवर आल्टहायमर एक नावाचा वाकडा बोळ आहे. (जर्मनमध्ये ‘एक’ म्हणजे कोपरा.) आज तिथून लोक खरेदीच्या पिशव्या सांभाळत जातात. शंभर वर्षांपूर्वी तिथे ‘म्युंशनर पोस्ट’ या दैनिकाची कचेरी होती. हिटलर तिला ‘विषाचा मुदपाकखाना’ म्हणायचा. त्या काळात त्याच्या मागे इतक्या चिकाटीने दुसरं कुठलंच वर्तमानपत्र लागलं नव्हतं.

गेले काही महिने शनिवारी मी राज्य ग्रंथालयात बसून त्या काळातली वर्तमानपत्रं वाचते आहे. पहिले दोन आठवडे नुसती लिपी लावण्यात गेले. जुन्या टोकदार जर्मन छापात ‘स’ आणि ‘फ’ इतके सारखे दिसतात की एकेका ओळीवर अडायला होतं. हात बसल्यावर मात्र एक गोष्ट जाणवायला लागली आणि ती काही केल्या डोक्यातून जाईना, म्हणून हा धागा.

‘लोकांना तेव्हा कल्पना नव्हती’ हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. म्युनिकपुरतं बोलायचं तर कल्पना होती की नाही, हे बरंचसं घरात कुठलं वर्तमानपत्र येत होतं त्यावर ठरत होतं.

म्युंशनर पोस्ट हे सोशल डेमोक्रॅटिक पक्षाचं मुखपत्र. वाचक मुख्यतः कामगार आणि संघटनांमधले लोक. नाझी पक्ष जेमतेम बाळसं धरत होता तेव्हापासून हे वर्तमानपत्र त्याच्याकडे ‘टोळी’ म्हणून बघत होतं. पैसे कुठून येतात, बिअर हॉलमध्ये कोणाला मारलं, खटल्यात न्यायाधीशाने किती सौम्य शिक्षा दिली, हे सगळं तिथे येई. राजकारणाची बातमी गुन्ह्याच्या बातमीसारखी लिहिलेली असे.

‘म्युंशनर नॉयस्टे नाखरिश्टन’ (पुढे नुसतं नॉयस्टे म्हणते) हे शहरातलं वजनदार दैनिक, दक्षिण जर्मनीतलं सर्वांत मोठं. डॉक्टर, वकील, प्राध्यापक, पेढीवाले यांच्या न्याहारीच्या टेबलावरचं. १९२० साली ते रूहर खोऱ्यातल्या अवजड उद्योगांच्या पैशाने विकत घेतलं गेलं आणि तिथून ते ठामपणे राष्ट्रवादी, राजेशाहीकडे झुकलेलं झालं. त्यांच्या दृष्टीने खरा शत्रू होता राजेशाही उलथवणारी १९१८ची क्रांती. त्यामुळे हिटलरची माणसं म्हणजे जरा आडदांड, पण आपल्याच बाजूची देशभक्त मुलं. तीच मारामारी, तीच रात्र, तोच रस्ता. पण या घरात ‘राष्ट्रीय चळवळ’ पोचली आणि त्या घरात ‘गुंडांची टोळी’.

८ नोव्हेंबर १९२३च्या रात्री हिटलरने ब्युर्गरब्रॉयकेलर या बिअर हॉलमध्ये बंड पुकारलं. त्याच रात्री त्याच्या खास पथकाने म्युंशनर पोस्टच्या कचेरीत घुसून तोडफोड केली. बंडाची गडबड चालू आहे, शहर हातात येतंय की नाही याची खात्री नाही, आणि तरी यांना आधी आठवलं ते वर्तमानपत्र! दुसऱ्या दिवशी दुपारी ओडेऑन्सप्लाट्झवर गोळीबार झाला, चार पोलीस मारले गेले, बंड फसलं.

दोन कचेऱ्यांमधल्या दरीचं आणखी एक उदाहरण म्हणजे १९२५ सालचा खटला. पहिलं महायुद्ध जर्मन सैन्य हरलंच नाही, घरातल्या समाजवाद्यांनी पाठीत खंजीर खुपसला, अशी एक कहाणी उजव्या वर्तुळांत पसरवली जात होती. (आपल्याकडे हा वाक्प्रचार रोजच्या राजकारणात इतका झिजलाय की जर्मनीत त्याचा केवढा भयंकर वापर झाला ते पटकन जाणवत नाही.) पाउल निकोलाउस कॉसमान हे नॉयस्टेमागचे एक वजनदार गृहस्थ. त्यांच्या मासिकाने १९२४ साली या खंजिरावर अंक काढले. म्युंशनर पोस्टचे संपादक मार्टिन ग्रूबर यांनी लिहिलं, ही इतिहासाची बनवाबनवी आहे. कॉसमाननी अब्रुनुकसानीचा दावा लावला. सेनापती, मंत्री साक्षीला आले. शेवटी दंड झाला तो ग्रूबरना, ३००० मार्क.

आता पुढचं ऐका. कॉसमान जन्माने ज्यू होते, पुढे कॅथलिक झालेले. १९३३ साली नाझींनी त्यांना अटक केली आणि १९४२ मध्ये टेरेझिनच्या छावणीत ते वारले. ज्या कहाणीसाठी ते कोर्टात गेले, तिच्याच बळावर सत्तेवर आलेल्या लोकांनी त्यांना संपवलं. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी वाचन थांबवून थोडा वेळ बाहेर लुडविगश्ट्रासंवर चालत राहिले होते.

तुमचं वाचन, मतं, विरोध, सगळं लिहा.

जुनी शाई

फार छान धागा. एक भर घालतो. हिटलरचं स्वतःचं वर्तमानपत्रसुद्धा आधी म्युनिकचं स्थानिक पत्रच होतं. ‘म्युंशनर बेओबाख्टर’ या नावाने १८८७ पासून निघायचं. १९१८ मध्ये ते थूले सोसायटी या वंशवादी मंडळाच्या हातात गेलं, मग नाव बदलून ‘फोल्किशर बेओबाख्टर’ झालं. डिसेंबर १९२० मध्ये नाझी पक्षाने ते १,२०,००० मार्कांना घेतलं, आणि त्यातले निम्मे पैसे लष्कराच्या गुप्त निधीतून आले होते. म्हणजे प्रजासत्ताकाच्या सैन्याने प्रजासत्ताक बुडवणाऱ्या पत्राला भांडवल दिलं.

खप सुरुवातीला ८००० च्या आसपास. १९२३ साली फ्रेंचांनी रूहर व्यापल्यावर लोक खवळले तेव्हा २५,००० वर गेला. १९३१ मध्ये १,२०,०००. शेवटी युद्धाच्या काळात १७ लाख.

धोपेश्वर

इसारकाठ, लेख आवडला, पण एक मूलभूत शंका मांडतो. तुमच्या लेखातून असं चित्र उभं राहतं की पक्षाचं पत्र सत्य बघू शकलं आणि प्रतिष्ठित पत्र आंधळं झालं. मला हे इतकं सरळ वाटत नाही. पक्षाच्या पत्रालाही त्याच्या पक्षाची झापडं होतीच.

पहिलं उदाहरण म्युंशनर पोस्टचंच. जून १९३१ मध्ये त्यांनी नाझी पक्षाच्या वादळी तुकड्यांचा (एसए) प्रमुख अर्न्स्ट र्‍योम याच्या समलैंगिकतेवर लेख छापले. ‘१७५ नंबरचं टेबल’ अशा अर्थाचा मथळा होता, कारण समलैंगिक संबंध गुन्हा ठरवणारं कलम १७५ होतं. आणि गंमत बघा, हेच कलम रद्द करावं असं सोशल डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिकृत म्हणणं होतं! विरोधकाला पाडण्यासाठी त्यांनी समाजातल्या त्याच द्वेषाला हाक मारली. र्‍योमचे अपराध खंडीभर होते: मारामाऱ्या, खून, खासगी सैन्य. हल्ला मात्र त्याच्या शय्यागृहावर. या लेखांनी हिटलरचं काही बिघडलं नाही. र्‍योम पदावर राहिला. भुर्दंड बसला तो हजारो सामान्य माणसांना. ‘नाझी म्हणजे समलैंगिक’ असा विनोद डाव्या वर्तुळात रुजला, आणि पुढे १९३४ मध्ये र्‍योमला मारल्यावर हिटलरने तोच मुद्दा स्वतःच्या समर्थनासाठी वापरला.

दुसरं, कम्युनिस्ट वर्तमानपत्रं. १९२८ नंतर मॉस्कोची रेषा ठरली की सोशल डेमोक्रॅट हे ‘सोशल फॅसिस्ट’, म्हणजे मुख्य शत्रू. त्यामुळे त्यांच्या पत्रांत नाझींवर टीका असे, पण दातओठ खाल्ले जात ते शेजारच्या समाजवाद्यावर. समाजवादी पत्रंही त्यांना तितक्याच जोराने परत देत. दोन डावी घरं एकमेकांवर चिखल फेकत राहिली आणि तिसरा मधल्या अंगणातून पुढे गेला.

म्हणून मला वाटतं, कल कुठला होता यापेक्षा कलाने काय झाकलं हे प्रत्येकाबाबत वेगळं तपासावं लागेल.

इसारकाठ

धोपेश्वर, र्‍योमबद्दल तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. ते लेख वाचताना मलाही अंगावर काटा आला आणि मूळ लेखात ते यायला हवं होतं. मी टाळलं, ही माझी चूक.

पण त्याच पत्राने त्याच वर्षी, डिसेंबर १९३१ मध्ये काय छापलं तेही बघा. नाझी सत्तेवर आल्यावर ज्यूंचं काय करायचं याचा पक्षातला एक गुप्त आराखडा त्यांच्या हाती लागला. हक्क काढून घेणं, नोकऱ्यांतून हटवणं, आणि शेवटी दलदलीच्या जमिनी लागवडीखाली आणण्यासाठी एसएस या नाझींच्या निमलष्करी दलाच्या देखरेखीखाली सक्तीची मजुरी. हिटलर चान्सलर होण्याच्या तेरा महिने आधी. हे छापलं गेलं होतं, रस्त्यावर विकलं गेलं होतं. पण ते ‘समाजवाद्यांच्या पत्रात’ आलं होतं. नॉयस्टेचा वाचक ते उचलणारच नव्हता, आणि कोणी सांगितलंच तर ‘त्यांचं काय, ते तसंच लिहिणार’ म्हणून मोकळा होणार होता.

मला छळतं ते हे. बातमी खरी होती, पण तिच्यावर पक्षाचा शिक्का असल्यामुळे ज्यांना ती कळायला हवी होती त्यांच्यापर्यंत ती विश्वासासकट पोचलीच नाही.

खिळेजुळाऱ्याची लेक

माझे वडील सोलापुरात एका छापखान्यात जुळारी होते. आयुष्यभर केससमोर (अक्षरांच्या कप्प्यांच्या पेटीसमोर) उभं राहून खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवले. म्हणून या विषयातली छापखान्याची बाजू मी सांगते, कारण ती बहुतेक वेळा राहून जाते.

१९३२ साली जर्मनीत ४७०० च्या आसपास वर्तमानपत्रं होती. हिटलर सत्तेवर आला तेव्हा त्यातली तीन टक्केसुद्धा नाझींच्या ताब्यात नव्हती. मग छोट्या गावांतली पत्रं इतकी एका सुरात का बोलत होती? एक मोठं कारण आल्फ्रेड हुगेनबेर्ग. हा क्रुप कंपनीचा माजी संचालक. त्याने बर्लिनची शेर्ल प्रकाशनसंस्था घेतली, बातम्यांची एजन्सी घेतली, जाहिरात कंपनी घेतली, आणि त्याशिवाय गावोगावच्या पत्रांना तयार पानं पुरवण्याची सोय उभी केली.

तयार पानं म्हणजे काय, तर बर्लिनमध्ये पान जुळवायचं, त्यावर ओल्या जाड कागदाचा लगदा दाबून त्याचा साचा घ्यायचा आणि वाळवायचा. असा साचा हलका असतो, रेल्वेने कुठेही जातो. गावातल्या छापखान्याने त्यात शिसं ओतलं की अख्खं पान तयार! एकही खिळा जुळवायला नको. ज्या छापखान्यात दोन जुळारी आणि एक पोरगा एवढीच माणसं, त्यांना हे वरदानच. मग पहिल्या पानावर गावाचं नाव, शेवटच्या पानावर गावातली बारशी, मयती, गुरांचा बाजार, आणि मधली राजकारणाची पानं बर्लिनहून आलेली. वाचकाला वाटायचं हे आपलं गावचं पत्र बोलतंय.

हुगेनबेर्ग स्वतः नाझी नव्हता. जर्मन नॅशनल पक्षाचा नेता. पण १९२९ मध्ये युद्धदंडाच्या यंग योजनेविरुद्ध त्याने जनमताची मोहीम काढली तेव्हा हिटलरला सोबत घेतलं. पाच वर्षांपूर्वी तुरुंगात असलेला बव्हेरियातला (म्युनिक ज्याची राजधानी त्या प्रांतातला) एक पुढारी त्या मोहिमेमुळे देशभरच्या वाचकांसमोर भल्या लोकांच्या रांगेत बसलेला दिसला. पुढच्याच वर्षी, १४ सप्टेंबर १९३०च्या निवडणुकीत नाझींच्या जागा १२ वरून १०७ झाल्या. त्यामागे मंदी, बेकारी सगळं होतंच, पण ही ओळख करून देण्याचं काम या साच्यांनी केलं असं मला ठामपणे वाटतं.

वडील म्हणायचे, मजकूर कुठून आला ते बातमी वाचून कळत नाही, पण टाइप बघून कळतं. तयार पानाचा टाइप आणि गावात जुळवलेल्या पानाचा टाइप वेगळा दिसतो. इसारकाठ, तुम्ही छोट्या गावांचे अंक बघाल तेव्हा हे जरूर बघा.

तीन्ही सांजा

लेकताई, किती सुंदर समजावून सांगितलंत. वाखूसा (वाचनखूण साठवली).

टेगर्नसेचा वाटाड्या

म्युनिकच्या दक्षिणेला, डोंगराच्या पायथ्याशी मीसबाख नावाचं गाव आहे. मी जवळच राहतो. चर्च, बाजार, गाईगुरं, इतकं शांत की विश्वास बसणार नाही. या गावाच्या ‘मीसबाखर अन्त्सायगर’ या पत्राने १९२० आणि १९२१ मध्ये सगळ्या बव्हेरियाला नादी लावलं होतं. इतकं विखारी, ज्यूंबद्दल इतकं घाण लिहिणारं पत्र तेव्हा दुसरं क्वचितच असेल. अग्रलेखांवर नाव नसायचं.

लिहिणारा होता लुडविग थोमा. बव्हेरियातला लाडका विनोदी लेखक, गावाकडच्या खोडकर पोराच्या गोष्टी लिहिणारा. घराघरात वाचला जाणारा. आणि हाच माणूस तरुणपणी ‘सिम्प्लिसिसिमुस’ या सरकारवर आणि पाद्र्यांवर आसूड ओढणाऱ्या साप्ताहिकाचा संपादक होता, त्यासाठी तुरुंगातही गेला होता! महायुद्धाने आणि क्रांतीने तो पार उलटला. दीडशेहून जास्त निनावी लेख त्याने या गावच्या पत्रात लिहिले. १९२१ मध्ये तो वारला, आणि हे लेख एकत्र छापून लोकांसमोर यायला १९८९ साल उजाडलं. त्यानंतर म्युनिक शहराने त्याच्या नावाचं पदक देणं थांबवलं.

मला यातून वाटतं ते असं: आपण कल म्हणजे मालकाचा कल धरतो. इथे एका लेखकाच्या शैलीने अख्ख्या प्रदेशाच्या बोलण्याची पातळी उतरवली. तो बव्हेरियन बोलीत, शेतकऱ्याच्या ठसक्यात लिहायचा, म्हणून तो द्वेष घरचा वाटला. हिटलरला बिअर हॉलमध्ये जो श्रोता मिळाला त्याच्या कानांना ही भाषा आधीच सवयीची झालेली होती.

लीड्सची मंजिरी

इंग्लंडची बाजू थोडक्यात लिहिते, कारण तिचा एक धागा थेट म्युनिकला जातो.

वर ज्या १९३० च्या निवडणुकीचा उल्लेख आला, तिच्यानंतर लगेच ‘डेली मेल’चे मालक लॉर्ड रॉदरमिअर यांनी म्युनिकहून लेख पाठवला. नव्या जर्मनीचं, तिच्या तरुण रक्ताचं कौतुक करणारा. बेओबाख्टरने तो आनंदाने पुन्हा छापला. लंडनचा लॉर्ड आपलं कौतुक करतो याहून मोठी जाहिरात कोणती? कारण काय तर बोल्शेव्हिकांची भीती. जानेवारी १९३४ मध्ये याच पत्राने ब्रिटिश फॅसिस्ट पुढारी मोझलीच्या काळ्या डगल्यांचा जयजयकार केला.

लंडनच्या ‘टाइम्स’चं आणखी वेगळं. संपादक जेफ्री डॉसन नाझी नव्हते. पण जर्मनीशी समझोता व्हायलाच हवा ही त्यांची धारणा. १९३७ मध्ये त्यांनी एका पत्रात लिहून ठेवलंय की जर्मनांची मनं दुखावतील असं काही छापलं जाऊ नये म्हणून मी रोज रात्री शिकस्त करतो. विचार करा, संपादकाची रात्रपाळी यासाठी!

धोपेश्वर यांच्या मुद्द्याला धरून आमच्या लीड्सचं उदाहरण. ‘यॉर्कशायर पोस्ट’ हे काँझर्व्हेटिव्ह पक्षाच्या मंडळींच्या मालकीचं, त्याच पक्षाचं पत्र. पंतप्रधान चेंबरलेनही त्याच पक्षाचे. तरी संपादक आर्थर मान यांनी चेकोस्लोव्हाकियाचा भाग हिटलरला देणाऱ्या १९३८ च्या म्युनिक कराराला आणि चेंबरलेनच्या धोरणाला कडाडून विरोध केला. भागधारक चिडले, वरून दबाव आला, मान यांनी लिहिणं थांबवलं नाही. १९३९ मध्ये पत्राचं विलीनीकरण झालं तेव्हा ते बाहेर पडले. म्हणजे पत्राचा कल एक, आणि संपादक त्याच पक्षात राहून उलट बोलला. कल म्हणजे दैव नव्हे, हे या गावात राहून मी अभिमानाने सांगते.

कोथरूडकर

धागा जर्मनीचा आहे, भरकटवायचा नाही, पण आपल्या घरचं एक पान इथे येणं प्रामाणिकपणाचं होईल. १९२४ ते १९३५ या काळात ‘केसरी’ने इटलीतल्या फॅसिझमवर सातत्याने लिहिलं, आणि बरंचसं कौतुकाने. अव्यवस्थेतून शिस्त, फुटीतून एकी, हा त्या लेखनाचा सूर. १९ मार्च १९३१ ला हिंदू महासभेचे डॉ. मुंजे रोममध्ये मुसोलिनीला भेटले, तिथल्या तरुणांच्या लष्करी संघटना पाहिल्या, आणि परत येऊन नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल काढलं.

माझ्या पणजोबांकडे केसरी यायचा. ते वाईट माणूस नव्हते. त्यांना इंग्रज नको होता. इटली म्हटलं की आपल्याकडे इटलीच्या स्वातंत्र्याचा आणि एकीचा पुढारी मॅझिनी आठवायचा. सावरकरांनी १९०७ मध्ये मॅझिनीचं आत्मचरित्र मराठीत आणलं होतं. त्या जुन्या प्रेमाच्या चष्म्यातून मुसोलिनीकडे बघितलं गेलं.

धोपेश्वर

कोथरूडकर, हे मांडलंत ते फार बरं केलंत. त्यात एक जोड: परदेशच्या बातम्या आपल्याकडे यायच्या त्या मुख्यतः रॉयटरच्या तारेने, लंडनहून. ज्याच्यावर विश्वास नाही त्याच्याच तारेने आलेली बातमी. इंग्रज ज्याला वाईट म्हणतोय तो बरा असणार, असं वाटणं सोपं होतं. पण तोच इंग्रजविरोध असूनही उलटी भूमिका घेणारेही होतेच. संपादक ब्रेल्वींचं ‘बॉम्बे क्रॉनिकल’ काँग्रेसच्या बाजूचं आणि फॅसिझमच्या विरोधातलं. १९३६ मध्ये रोमवरून जाताना नेहरूंनी मुसोलिनीची भेट टाळली. तेव्हा साम्राज्याचा राग एवढंच कारण पुरत नाही. स्वतःच्या देशात कसला समाज हवा आहे, त्यावरून परदेशातलं काय आवडतं ते ठरत होतं.

इसारकाठ

या शेवटच्या वाक्यावरून मी गेर्लिशकडे येते. सगळ्यात जास्त मी त्याच्यातच गुंतले आहे.

फ्रिट्झ गेर्लिश १९२० ते १९२८ नॉयस्टेचा मुख्य संपादक. कट्टर राष्ट्रवादी, मार्क्सवादाचा वैरी, जाड भिंगांच्या चष्म्याचा, भांडखोर. १९२३ च्या वसंतात हिटलर त्याच्या घरी येऊन बसलेला. बव्हेरियाचा राज्य आयुक्त फॉन कार हा गेर्लिशचा माणूस. बंडाच्या रात्री हिटलरने कारवर पिस्तूल रोखलं, दिलेला शब्द मोडला. गेर्लिशच्या मनातून हिटलर त्या रात्री जो उतरला तो कायमचा.

पुढे कोनर्सरॉइट गावातल्या तेरेसे नॉयमान या बाईच्या अंगावर येशूच्या जखमा उमटतात अशी बातमी आली. गेर्लिश ते थोतांड उघडं पाडायला गेला आणि भक्त होऊन आला! १९३१ मध्ये प्रॉटेस्टंटाचा कॅथलिक झाला. त्या मंडळींतल्याच एका सरदाराच्या पैशातून त्याने एक साप्ताहिक घेतलं. जानेवारी १९३२ पासून त्याचं नाव ‘डेर गेराडे वेग’, म्हणजे सरळ वाट.

आणि मग या उजव्या माणसाने, समाजवाद्यांनाही जमलं नाही अशा भाषेत लिहिलं. जुलै १९३२ मध्ये त्याने नाझींच्याच वंशशास्त्राची फूटपट्टी घेऊन हिटलरचं नाक मोजलं आणि विचारलं, या माणसात मंगोल रक्त आहे का? त्याच महिन्यात मोठ्या अक्षरांत लिहिलं की नाझीवाद ही महामारी आहे: शेजारी देशांशी वैर, घरात जुलूम, यादवी, युद्ध, खोटेपणा, द्वेष, भाऊबंदांची हत्या. सात वर्षांनंतर जे झालं त्याची ही यादी आहे. त्याचे वाचक कामगार नव्हते, कॅथलिक मध्यमवर्ग होता. म्हणजे ज्यांच्या घरी म्युंशनर पोस्ट कधीच पोचलं नसतं, तिथे हे पोचत होतं.

९ मार्च १९३३ ला नाझींनी बव्हेरियाचं सरकार ताब्यात घेतलं. त्याच संध्याकाळी आल्टहायमर एकला म्युंशनर पोस्टच्या कचेरीत पुन्हा मोडतोड झाली आणि त्याच संध्याकाळी गेर्लिशच्या कचेरीत वादळी तुकड्या शिरल्या. त्याला मारत मारत नेलं. सव्वा वर्ष कोठडीत. ३० जून १९३४ च्या रात्री म्युनिकजवळच्या डाखाउ छावणीत नेऊन गोळी घातली. बायकोला कळलं ते त्याचा रक्ताने माखलेला चष्मा घरी आला तेव्हा, असं सांगतात.

नॉयस्टे बंद झालं नाही. एर्वाइन फॉन आरेटिन यांच्यासारखे त्याचे राजेशाहीवादी संपादक तुरुंगात गेले, पत्र मात्र त्याच नावाने, त्याच अक्षरांत रोज सकाळी निघत राहिलं. २१ मार्च १९३३ च्या अंकात एक छोटी बातमी आहे. बुधवारी डाखाउजवळ पहिली छावणी उघडणार, ५००० माणसांची सोय आहे, कम्युनिस्ट आणि गरज पडेल तसे समाजवादी पुढारी तिथे ठेवले जातील, तुरुंगात इतके दिवस त्यांना ठेवणं परवडत नाही. क्षुल्लक शंकाकुशंकांची पर्वा न करता आम्ही हे करत आहोत, असंही पोलीस आयुक्त हिमलरच्या निवेदनात आहे. सूर असा की नगरपालिकेने पाण्याची नवी टाकी बांधली असावी.

मराठीत हे सांगताना मी अडखळते. आपल्याकडे शब्द आहे ‘छळछावणी’. तो शब्द उच्चारला की निवाडा होऊन जातो. त्या बातमीतला शब्द असा नव्हता. नुसतं ‘एकत्र ठेवण्याची जागा’ इतका कोरा होता. सकाळी कॉफी पिताना तो वाचून पान उलटणाऱ्या माणसाला काय दिसलं असेल हे समजायचं तर आपला शब्द काही क्षण बाजूला ठेवावा लागतो.

तीन्ही सांजा

ताई, पाण्याच्या टाकीचं वाचून पोटात खड्डा पडला. युद्धानंतर या पत्रांचं काय झालं?

इसारकाठ

म्युंशनर पोस्ट परत उभं राहिलं नाही. पण त्याचे एक राजकीय संपादक एडमुंड गोल्डशाग जगले. युद्धात त्यांच्या फ्रायबुर्गच्या घरी त्यांनी एका ज्यू बाईला लपवून ठेवलं होतं. ती पुढे स्वित्झर्लंडला निसटली. अमेरिकनांनी बव्हेरियात वर्तमानपत्राचा पहिला परवाना दिला तो ‘स्युडडॉइच त्साइटुंग’ला, आणि परवानाधारक तिघांत गोल्डशाग होते. ६ ऑक्टोबर १९४५ ला पहिला अंक निघाला, नॉयस्टेच्याच जुन्या जागेतून. पहिल्या पानाच्या छपाईसाठी शिसं हवं होतं. हिटलरच्या ‘माइन काम्फ’ या पुस्तकाच्या छपाईच्या प्लेटा तिथे आणून वितळवल्या आणि त्याच शिशातून पहिलं पान ओतलं.

खिळेजुळाऱ्याची लेक

हे वाचून वडिलांची फार आठवण झाली. छपाई झाली की वापरलेलं शिसं भट्टीत टाकायचं काम सुट्टीत माझ्याकडे असायचं. वितळताना वर काळी मळी येते, ती पळीने काढून टाकायची आणि मग खालचं शिसं आरशासारखं चकाकतं. अक्षरं आधी कडेने विरघळतात, मधली वेलांटी, मात्रा शेवटपर्यंत तरंगताना दिसते. त्या दिवशी म्युनिकच्या भट्टीपाशी जो उभा असेल त्याने ती पानं अशीच जाताना पाहिली असतील.

इसारकाठ, मीसबाखचे अंक बघायला मिळाले तर दोन पानांचे फोटो इथे टाकाल का? एक राजकारणाचं आणि एक शेवटचं, बाजारभावांचं. टाइप ताडून बघू.

इसारकाठ

नक्की, लेकताई. शनिवारी जाते आहे. १९२१ चे अंक मागवून ठेवलेत, सोबत हुगेनबेर्गच्या मोहिमेच्या काळातलं, १९२९ च्या शरदातलं एखादं गावपत्रही काढते.